भोपळ्या कुत्र्याचा कान: ड्रॉप्स टाकले की बरा, बंद केले की पुन्हा तेच

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं-आमचं दुखणं एकच आहे का ते कळेल. रात्री दोन-अडीचला कुत्रा उठतो आणि फटफटफटफट कान झटकतो, पट्ट्याचं बक्कल वाजतं, अख्खं घर जागं. मागच्या पायाने कान खाजवतो आणि खाजवता खाजवता मधेच कुंई करतो, म्हणजे खाज पण आहे आणि दुखतंय पण. सोफ्याच्या कडेला कान घासत घासत चालतो. कान उलटा करून बघितला तर आतून लालबुंद, चॉकलेटी मेण, आणि वास कसा, तर इडलीचं पीठ दोन दिवस जास्त आंबलं की येतो ना, तसा. डॉक्टर ड्रॉप्स देतात, चार दिवसांत कुत्रा झकास, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे तुमच्याकडे पहिल्यांदाच होत असेल तर वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. तिसऱ्या-चौथ्यांदा होत असेल तर वाचा, कारण आम्ही यात दीड वर्ष घालवलंय आणि त्यातलं निदान वर्षभर तरी निव्वळ आमच्या चुकांमुळे गेलंय.

आमचा भोपळ्या म्हणजे पिवळा लॅब्राडोर, आता साडेचार वर्षांचा, वजन ३४ किलो (कमी करायचंय, माहितीये, सगळे सांगतात). आम्ही वाईला राहतो, कृष्णा चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे पाणी दिसलं की हा आत. पहिला त्रास जून २०२३ ला झाला, पाऊस नुकताच सुरू झालेला, तेव्हा हा सव्वादोन वर्षांचा होता. मला वाटलं नदीचं पाणी गेलं असेल कानात. डॉक्टरांना पण तसंच वाटलं. ड्रॉप्स. बरा. ऑगस्टला परत. ड्रॉप्स. दिवाळीला परत, आणि तेव्हा तर नदीत गेलाच नव्हता, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या वर्षापर्यंत आमच्या खिडकीत पाच बाटल्या जमल्या होत्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, प्रत्येक वेळी वाटायचं आता नवीन औषध दिलंय, आता जमेल. एकदा रिकामपणी बसून मागची बारीक अक्षरं वाचली तर पाचही बाटल्यांत तीनच प्रकारची औषधं होती, एक अँटिबायोटिक, एक फंगसवरचं आणि एक स्टेरॉइड. नावं वेगळी, कुटुंब तेच. आणि इथेच पहिली गोम आहे. त्यातलं स्टेरॉइड सूज आणि खाज दोन-तीन दिवसांत खाली आणतं, कुत्रा झटकायचा थांबतो, आपण म्हणतो झालं बरं, आणि बाटली खिडकीत. आतलं फंगस आणि बॅक्टेरिया अजून अर्धे तसेच बसलेले असतात. मी पाचपैकी एकही कोर्स पूर्ण केला नव्हता. एकही. डॉक्टरांनी १४ दिवस सांगितलेलं असायचं, मी चौथ्या-पाचव्या दिवशी सोडायचो, कारण ३४ किलोचा कुत्रा बाटली बघून बेडखाली शिरतो आणि त्याला बाहेर ओढायला दोन माणसं लागतात.

तेव्हाच्या डॉक्टरांनी पण कानात कधी दुर्बीण घालून बघितलं नव्हतं हे खरंय, पण त्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण मीच फोन करून विचारायचो की "डॉक्टर, तेच परत चालू करू का" आणि ते म्हणायचे करा.

मग नोव्हेंबर २०२४ ला डावा कान इतका सुजला की भोक दिसेना. तेव्हा एका मित्राने सांगितलं की शिरवळला जा, तिथे व्हेटर्नरी कॉलेज आहे ना, क्रांतिसिंह नाना पाटील, तिथल्या ओपीडीत दाखव. आमच्याकडून खंबाटकीचा बोगदा ओलांडला की आलंच. गायी-म्हशी, शेळ्या, एक बैल, आणि त्या सगळ्यांच्या मधे आमचं ध्यान शेपूट हलवत बसलेलं.

तिथल्या मॅडमनी पहिली गोष्ट काय केली तर ड्रॉप्स लिहिलेच नाहीत. एक इअरबड घेऊन कानातलं मेण काढलं, डाव्या कानाचं एक, उजव्याचं एक, ते काचेच्या पट्टीवर लाटण्यासारखं फिरवलं, पट्टी तीन बरण्यांत बुडवून काढली, धुतली, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. मग मला म्हणाल्या या, बघा. मी आयुष्यात दहावीनंतर मायक्रोस्कोपला डोळा लावला नव्हता. आत जांभळे जांभळे ठिपके, पण गोल नाहीत, शेंगेत दोन दाणे असले की मधे कंबर येते ना, तसे, आणि खच पडलेला. म्हणाल्या हे मॅलासेझिया, एक प्रकारचं यीस्ट, प्रत्येक कुत्र्याच्या कानात थोडं असतंच, पण इथे जत्रा भरलीये. उजव्या कानात यीस्ट कमी आणि गोल गोल बॅक्टेरिया जास्त होते. म्हणजे एकाच कुत्र्याच्या दोन कानांत दोन वेगळ्या भानगडी, आणि मी दीड वर्ष दोन्हीकडे एकच बाटली पिळत होतो.

तर पहिली गोष्ट, वारंवार होणाऱ्या कानासाठी ही स्लाइड करून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, फार खर्चाचं नाही, आणि तुमच्या डॉक्टरकडे मायक्रोस्कोप नसेल तर जिथे आहे तिथे एकदा जा. मुंबईवाल्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलं व्हेटर्नरी कॉलेज आहेच. रंगावरून आणि वासावरून अंदाज येतो, चॉकलेटी मेणचट आणि आंबूस असेल तर बहुतेक यीस्ट, पिवळा-हिरवा पातळ आणि सडका वास असेल तर बॅक्टेरिया, कॉफीच्या चोथ्यासारखं कोरडं काळं असेल आणि पिल्लू असेल किंवा रस्त्यावरून आणलेलं असेल तर कानातले माइट्स, म्हणजे बारीक किडे. पण अंदाज तो अंदाज. लांबट दांड्यासारखे बॅक्टेरिया दिसले तर कल्चर (जंतू वाढवून त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघणं) करायला लागतं, कारण त्यातले काही इतके चिवट असतात की साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

दुसरं, स्कोप म्हणजे ती दुर्बीण घालून कानाचा पडदा बघायला लावा. पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्स आतल्या कानाला इजा करू शकतात, बहिरेपण येऊ शकतं, म्हणून घरातली जुनी बाटली परत टाकणं ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. आमच्या वेळी सुजेमुळे पडदा दिसेचना, मग आधी आठ दिवस सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि मग बघितला. शाबूत होता.

आता मूळ मुद्दा. मॅडम म्हणाल्या ते मी अजून विसरलो नाही, "कौल फुटलंय, आणि तुम्ही खाली नुसती पातेली बदलताय." यीस्ट आणि बॅक्टेरिया हे गळणारं पाणी. कौल म्हणजे वेगळंच काहीतरी, जे कानाची कातडी सतत सुजवतंय, ओली आणि गरम ठेवतंय, त्यात हे लोक फोफावतात. वारंवार दोन्ही कान बिघडणाऱ्या कुत्र्यात ते कौल बहुतेक वेळा ॲलर्जी असतं. मी म्हटलं पण ह्याला अंगावर काहीच नाही, पुरळ नाही, केस गळत नाहीत. त्यांनी पुढचा पाय उचलून दाखवला. बोटांच्या मधली फर तांबूस-तपकिरी झालेली. पिवळ्या कुत्र्यात ते पटकन दिसतं, मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं लाल मातीचा डाग. तो थुंकीचा रंग असतो, चाटून चाटून आलेला. रात्री टीव्हीसमोर बसून चप चप चप पाय चाटतो ती सवय नव्हे, खाज आहे. आणि काही कुत्र्यांत तेवढंही नसतं, ॲलर्जीचं एकमेव लक्षण म्हणजे कान.

इथे एक फाटा फुटतो, तो नीट बघा. दोन्ही कान, हळूहळू, पुन्हा पुन्हा, असं असेल तर ॲलर्जीच्या दिशेने चला. एकच कान आणि एकदम, म्हणजे सकाळी फिरायला जाताना ठीक होता आणि येताना डोकं वाकडं करून वेड्यासारखा झटकतोय, तर कुसळ गेलं असणार. पाऊस संपल्यावर माळावरचं गवत वाळतं तेव्हा हे हमखास होतं, आपल्या पायमोज्यात घुसतं तसंच ते कानात घुसतं आणि त्याची रचनाच अशी की पुढे जातं, मागे येत नाही. ते घरी काढायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गोचीड पण बघा, कानाच्या पाळीच्या घडीत बसतो, आणि आतल्या भोकापाशी असेल तर चिमटा घेऊन स्वतः हिरोगिरी नको. रॉकेल, डेटॉल असलं काही लावू नका. आणि म्हातारा कुत्रा असेल, आयुष्यभर कान ठणठणीत आणि आता एकच कान सारखा बिघडतोय, तर आत गाठ आहे का, आणि दोन्ही बिघडत असतील तर थायरॉइडचा घोळ आहे का तेही बघून घ्या म्हणावं.

साफसफाईबद्दल थोडं लांबण लावतो कारण इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, मीही.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. म्हणजे आपण वरून बघतो ती विहिरीची नुसती तोंडाची बाजू, घाण बसलेली असते खालच्या आडव्या बोळात. त्यात इअरबड घातला की थोडी घाण बडला लागते, आपल्याला वाटतं व्वा, आणि बाकीची ठासून बोळाच्या तोंडाशी. मी वर्षभर हेच करत होतो, आठवड्याला सहा-सात बड काळे करून अभिमानाने बायकोला दाखवायचो.

आता करतो ते असं. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर, त्याची बाटली आधी कोमट पाण्याच्या मगात पाच मिनिटं ठेवायची, थंडगार द्रव कानात गेला की कुत्रा कायमचा शत्रू होतो. कानाची पाळी वर ओढून धरायची आणि नळी भरेल इतकं ओतायचं, कंजुसी नाही, दोन थेंबांनी काही होत नाही. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, बोटांना एक कडक नळी लागते, तिला अर्धा मिनिट मळायचं. बरोबर चाललं असेल तर आतून पचक पचक असा आवाज येतो, चिखलात चप्पल रुतल्यासारखा. भोपळ्या या टप्प्याला डोळे मिटून माझ्या गुडघ्यावर डोकं टाकतो, त्याला बरं वाटतं. मग सोडायचं आणि स्वतः मागे सरायचं, कारण तो झटकणार आणि सगळं तुमच्या शर्टावर. ते झटकणंच खालची घाण वर आणतं. वर आलेलं बोटाला कापूस गुंडाळून टिपायचं, बोट जाईल तिथपर्यंतच. दुसऱ्या कानाला नवीन कापूस. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग ड्रॉप्स. पू किंवा मेण भरलेल्या कानात नुसते ड्रॉप्स टाकले तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही, आणि काही अँटिबायोटिक्स तर पुवात निकामीच होतात.

पण कान बरा असताना रोज साफ करत बसू नका. ओलाव्याने कातडी भुसभुशीत होते आणि उलट त्रास. आम्हाला बरा असताना आठवड्यातून एकदा आणि नदीत गेला की त्या दिवशी, असं सांगितलंय. तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा. आणि आतून खूप दुखत असेल, हात लावू देत नसेल, तर घरी जबरदस्ती नको, चावला तर त्याची चूक नाही.

ड्रॉप्स सुरू केल्यापासून १४ व्या दिवशी परत स्लाइड. बाहेरून दोन्ही कान गुलाबी, वास नाही, मला वाटलं आता फक्त शिक्कामोर्तब. उजवा स्वच्छ निघाला, डाव्यात यीस्ट अजून होतंच. अजून दहा दिवस ड्रॉप्स. म्हणजे आधी मी चौथ्या दिवशी सोडत होतो तिथे खरी गरज २४ दिवसांची होती. बाहेरून बघून कोर्स बंद करायचा नाही, स्लाइड बघून करायचा, हे एवढं जरी केलंत तरी अर्धे कान सुधारतील असं माझं मत आहे.

आता कौल. ॲलर्जी दोन प्रकारची असू शकते, खाण्याची आणि हवेतली (धूळ, त्यातले किडे, बुरशी, परागकण), आणि कहर म्हणजे दोन्ही एकत्र पण असू शकतात. बारा महिने त्रास असेल तर खाण्याचा संशय घ्यायचा (धुळीतले किडेही बारा महिने छळू शकतात), ठरावीक महिन्यांत असेल तर हवेतला. आमचं बारा महिने होतं आणि पावसात जास्त, म्हणजे काय समजायचं ते समजा.

मी म्हटलं रक्ताची टेस्ट करू, ऑनलाइन बघितली होती, ढीगभर पदार्थांची यादी देतात. मॅडमनी हात जोडले. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, पैसे वाचवा. एकच मार्ग, आठ आठवडे असं जेवण ज्यातलं काहीही त्याने आधी खाल्लेलं नाही, आणि त्या जेवणाशिवाय दुसरं काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही.

भोपळ्याचं तोवरचं जेवण: चिकन-भात, अंडं, पाकिटातलं खाणं, दही, चपाती, चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट (गहू आणि दूध दोन्ही), आणि देवाचा प्रसाद. कुत्र्यांत ॲलर्जी करणाऱ्या गोष्टींत बीफ, दूध, चिकन आणि गहू वरच्या नंबरात येतात. लोकांना वाटतं की नवीन काहीतरी खाल्लं म्हणून झालं असेल, पण ॲलर्जी बहुधा त्याच गोष्टीची होते जी कुत्रा वर्षानुवर्षं मजेत खात आलाय. ह्या वाक्यावर माझा भाऊ अजून विश्वास ठेवत नाही.

दोन पर्याय होते. एक, हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं तयार खाणं, ज्यात प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर ओळखत नाही. उत्तम, पण ३४ किलोच्या जनावराला महिन्याचा खर्च माझ्या बाइकच्या हप्त्याच्या वर जात होता. दुसरा, घरचं. मासे त्याने कधी खाल्ले नव्हते कारण आमच्याकडे आई मासे शिजवू देत नाही. तर बासा माशाचे काटे काढलेले तुकडे आणि रताळं, बस. मॅडमनी प्रमाण लिहून दिलं आणि हेही सांगितलं की हे मोठ्या कुत्र्याला आठ आठवडे चालतं, पिल्लाला नाही, आणि कायमचं पण नाही कारण कॅल्शियम वगैरे कमी पडतं. आईसाठी वेगळी चूल म्हणजे गॅलरीत इंडक्शन आणि वेगळं पातेलं, त्या पातेल्याला अजून "भोपळ्याचं बाटलेलं पातेलं" म्हणतात.

आणि लपलेलं चिकन. बापरे. जंताची चघळायची गोळी, गोचिडाची गोळी, दातांच्या काड्या, कुत्र्यांची टूथपेस्ट, बऱ्याच गोष्टींत चव यावी म्हणून काहीतरी मटणाबिटणाचं असतं. त्या आठ आठवड्यांसाठी बिनचवीचं औषध मागून घ्या. आणि पाकिटावर लॅम्बचं चित्र असलं म्हणून आत चिकन नाही असं नाही, मागची यादी वाचा, चिकन मील, चिकन फॅट, कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलेलं असतं.

१० डिसेंबरला सुरू केलं, मुद्दाम थंडीत, म्हणजे पावसाचा गोंधळ नको. कालनिर्णयवर जिथे आई दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकोनात मी खाजेचा आकडा लिहायचो, दहापैकी किती. पहिला आठवडा ७, ७, ६, ७. तिसऱ्या आठवड्यात ५. आणि २६ व्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो तर आई ओट्यापाशी, हातात तुपाची गरम चपाती, आणि हा खाली मटकन बसून वाट बघतोय.

"आई, काय करतेयस?"

"अरे एवढासा तुकडा. पाप लागतं. मासे खाऊन खाऊन तोंड बघ कसं झालंय लेकराचं."

चौकशीअंती कळलं की हे रोज चालू होतं. मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून ज्यांच्या घरी आई, आजी, लहान पोरं, किंवा कामाला येणाऱ्या मावशी आहेत त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून समजवा, आणि "फक्त आठ आठवडे" हे शब्द वापरा, "कायमचं बंद" म्हटलं की बंड होतं. आईला मी शेवटी रताळ्याच्या उकडलेल्या फोडींचा डबा करून दिला, द्यायचंच आहे तर हे दे. हात रिकामा राहायला नको एवढाच तिचा प्रश्न होता.

दुसऱ्या फेरीत आठव्या आठवड्याला आकडा २ वर आला. पाय चाटणं जवळजवळ बंद. कान गुलाबी. पण इथे थांबायचं नाही, खरी परीक्षा पुढे, जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं. आधी चिकन, नुसतं उकडलेलं. दोन दिवस काही नाही, मी म्हटलं सुटलो. तिसऱ्या रात्री फटफटफटफट. सकाळी कालनिर्णयवर ७. चिकन बंद केल्यावर दहा-बारा दिवसांत खाली. मग अंडं दिलं, दोन आठवडे वाट बघितली, काही नाही. मग कोरडी चपाती. काही नाही. म्हणजे आईची चपाती निर्दोष सुटली, गुन्हेगार आमचं प्रेमाचं चिकन-भात. हे तिला सांगितलं तेव्हा तिने जो चेहरा केला तो मी लिहू शकत नाही.

ग्रेन-फ्री खाण्याच्या मागे पळणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, आमच्या कुत्र्याला धान्याने काहीही झालं नाही.

खाण्याने सगळं सुटलं का? नाही. या जुलैमध्ये पाऊस लागला, सगळीकडे गाजर गवत माजलं, घरात भिंतींना ओल आली, आणि आकडा ४-५ वर. म्हणजे हवेतलं पण आहे. त्याला औषधं आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त आणि झटपट, पण कुत्रा पाणी पितो बदाबदा, घरात मुततो, भुकेने वेडा होतो, आणि लांब काळ बरं नाही. ओक्लासिटिनिब म्हणून गोळी आहे, खाज लवकर थांबवते, महाग आहे. महिन्या-दोन महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही निघालंय. यातलं काय आणि किती ते डॉक्टरच ठरवणार. आपली सेटिरिझिन वगैरे देऊन लोक बघतात, कुत्र्यात तिचा उपयोग फार कमी, आमच्याकडे तर शून्य. आम्ही पावसाचे दोन-अडीच महिने गोळी, बाहेरून आला की पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसणं, अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात, एवढं ठेवलंय. नदी पूर्ण बंद नाही केली, ते त्याला सांगायची हिंमत नाही, पण आला की कान साफ आणि कोरडे. अंघोळीला कानात कापसाचा बोळा घालतो, आणि काढायला विसरत नाही (एकदा विसरलो होतो).

कानात काय घालावं याची यादी सगळ्या काकांकडे असते ती उलटी वाचा, म्हणजे यातलं काहीही घालू नका: खोबरेल तेल कोमट करून, लसूण घातलेलं तेल, कडुलिंबाचं तेल, हळद, कांद्याचा रस, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, विनेगर, आणि माणसांचे ड्रॉप्स. तेलाने मेण मऊ होतं हे खरं, पण यीस्टला तेल आवडतं, ते त्याचं जेवणच आहे. सुजलेल्या कातडीवर स्पिरिट किंवा विनेगर म्हणजे जखमेवर मीठ. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते.

आणि थांबायचं नाही अशी काही चिन्हं. डोकं एका बाजूला कललेलं राहणं, गोल गोल फिरणं, तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, चेहऱ्याची एक बाजू लोंबणं, तोंड उघडताना ओरडणं, हाक मारली तर न ऐकणं: हे मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी न्या. कानाची पाळी अचानक पुरीसारखी टम्म फुगली तर झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटलीये, आमच्या गल्लीतल्या एका लॅबला झालं होतं, त्यांनी आपोआप बसेल म्हणून सोडलं, बसलं पण कान सुकलेल्या जर्दाळूसारखा आकसून कायमचा तसाच राहिला.

आजची परिस्थिती: जुलैपासून आत्तापर्यंत एकदाच, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, डाव्या कानाला थोडा आंबूस वास आला. आता नाक इतकं तयार झालंय की रोज सकाळी चहा घेता घेता दोन्ही कान हुंगतो, पाहुणे असले तरी. त्याच दिवशी शिरवळ, स्लाइड, यीस्ट, दोन आठवडे ड्रॉप्स, परत स्लाइड, साफ. खिडकीतल्या पाच जुन्या बाटल्या टाकून दिल्या, दोनांची तारीख उलटून वर्ष झालं होतं. दुधाची परीक्षा अजून घेतलेली नाही, त्यामुळे चपातीला तूप लावायचं नाही असं ठरलंय, आणि आई म्हणते की ती लावत नाही.